एटापल्लीत वाढलं कोण?

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या बसमध्ये अडकल्यावर तुम्ही काय करता? कानात गाणी घालता, झोप काढता, नाहीतर पुढच्या सीटवरच्या जोडप्याचं भांडण ऐकता. मी २०२३ चं जवळजवळ सगळं वर्ष त्या बसमध्ये इंग्रजी वाक्यं दुरुस्त केली. लोकांची नाही हो, जीमॅटची!

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. परदेशातल्या एमबीएसाठी जीमॅट द्यावी लागते. तिच्यात सेंटेन्स करेक्शन नावाचं एक प्रकरण होतं. एक लांबलचक वाक्य, त्यातला काही भाग अधोरेखित, खाली पाच पर्याय. पहिला पर्याय म्हणजे वाक्य आहे तसंच. व्हर्बलचे ३६ प्रश्न ६५ मिनिटांत, म्हणजे एकाला पावणेदोन मिनिटं. तेवढ्या वेळात ठरवायचं, की ह्या वाक्यात चूक आहे का, आणि असेल तर कुणाची.

‘कुणाची’ म्हणायचं कारण आहे. त्यातल्या निम्म्या चुका मला दोनच प्रश्नांवर आल्यासारख्या वाटायच्या. एक, हे सर्वनाम कुणाबद्दल बोलतंय? दोन, हे विशेषण कुणाला चिकटलंय? प्रोनाऊन आणि मॉडिफायर. बस्स. बाकीचं नंतर.

प्रोनाऊनवर माझा खास राग. कारण सोपं आहे. आपण वडिलांना ‘ते’ म्हणतो. बाबा एकच असतात, पण आले की ‘बाबा आले’. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी परदेशातल्या मॅनेजरला सुट्टीची मेल टाकली होती. माय फादर इज कमिंग टुमारो, दे विल स्टे फॉर अ वीक. त्याने अगदी काळजीने उलट विचारलं, ‘एकूण किती लोक येताहेत?’ टीममधल्या पब्लिकला ही मेल अजून पाठ आहे. आता इंग्रजीतही एका माणसाला ‘दे’ म्हणायला लागलेत. मेरियम-वेबस्टर डिक्शनरीने तर २०१९ साली ‘दे’ हाच वर्षाचा शब्द ठरवला. पण परीक्षेच्या पुस्तकात कंपनी म्हटलं की ‘इट’, एव्हरीवन म्हटलं की एकवचन. आदरार्थी बहुवचनाला तिथे एण्ट्री नाही.

मॉडिफायरचं दुखणं वेगळं. ‘जंगलातून चालताना मला अस्वल दिसलं’ हे आपलं सरळ साधं वाक्य. चालत कोण होतं, मी. हेच वाक्य ‘वॉकिंग थ्रू द फॉरेस्ट’ असं सुरू केलं आणि कॉमानंतर लगेच अस्वल आणलं, तर परीक्षेच्या लेखी चालतंय ते अस्वल. (तसं पाहिलं तर अस्वलही चालतच असतं, पण ते असो.) आपल्या ‘मला दिसलं’मध्ये ‘मी’ कर्ता नसतेच ना! मी तिथे नुसती ‘ला’ लावून कोपऱ्यात उभी. इंग्रजीला हा कोपरा मान्य नाही. जो चालतोय त्याने कॉमापाशी हजर राहायचं.

मराठीत आपल्याला दुसरी एक सोय आहे, ती म्हणजे लिंग. भामरागडच्या पर्लकोटा नदीच्या पुलावर माझा भाऊ उभा होता. त्याने लिहिलं, ‘पुलावर उभा असताना नदी भयानक दिसत होती.’ ‘उभा’वरूनच कळतं की नदी उभी नव्हती, हा बाबा उभा होता. इंग्रजीत ही सोय नाही, म्हणून तिथे जागेवरून भांडण. पण मी त्याच पुलावर उभी राहून लिहिलं तर? ‘पुलावर उभी असताना नदी भयानक दिसत होती.’ झालं! नदीच पुलावर. भाऊ वाचला, मी बुडाले. अर्थात पावसाळ्यात पर्लकोटा त्या जुन्या पुलावरून खरोखरच वाहायची, त्यामुळे माझं वाक्यही अगदीच खोटं नाही.

हो, मी एटापल्लीची. नकाशात नागपूर शोधा, तिथून खाली चंद्रपूर, मग उजवीकडे गडचिरोली आणि त्याच्याही पोटात, छत्तीसगडच्या बाजूला. पुण्याहून रेल्वेने बल्लारशाह, मग बसने आष्टी, आलापल्ली आणि तिथून सागाच्या जंगलातून आत. आता त्याच रस्त्यावर सुरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज वाहणारे ट्रक असतात आणि झाडांची पानं रस्त्याकडेला लाल झालेली असतात. ऑफिसात गाव सांगितलं की दोनच प्रतिक्रिया येतात. ‘म्हणजे हेमलकसा का? आमटेंचं?’ आणि ‘बाप रे, नक्षलवादी!’ पहिलीला मी म्हणते जवळच, आणि दुसरीला काहीच म्हणत नाही.

तर गंमत बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये जीमॅटचं नवं रूप आलं आणि त्यातून सेंटेन्स करेक्शन चक्क काढूनच टाकलं. जुनी परीक्षा ३१ जानेवारी २०२४ पर्यंत देता येणार होती. शेजारच्या क्युबिकलमधला कलीग म्हणाला, ‘अगं नवी दे ना, सुटलीस!’ पण आठ महिने घासलेलं ग्रामर वाया घालवायचं? पाहुणे आले नाहीत म्हणून केलेला शिरा कोणी टाकून देतं का? मी डिसेंबरची तारीख घेतली. जुन्या परीक्षेची.

तोपर्यंत हे वेड डोक्यात भिनलं होतं. ऑफिसच्या मेल, सोसायटीच्या नोटिसा, सगळीकडे मी सर्वनामांचे आईबाप शोधत फिरायचे. ह्या वेडाचा एक भन्नाट किस्सा मला तेव्हाच सापडला. २००२ साली अमेरिकेत पीएसएटी ही शालेय परीक्षा झाली. तिच्यात टोनी मॉरिसन ह्या नोबेलविजेत्या लेखिकेबद्दल एक वाक्य होतं. टोनी मॉरिसनची प्रतिभा तिला अमुक तमुक कादंबऱ्या लिहू देते, अशा अर्थाचं. परीक्षकांचं उत्तर, वाक्यात चूक नाही. मेरिलँडमधल्या एका शाळाशिक्षकाने हरकत घेतली. ‘तिला’ म्हणजे कुणाला? वाक्यात टोनी मॉरिसन आहेच कुठे? आहे ती ‘टोनी मॉरिसनची’, आणि ‘ची’ लावल्यावर ते नाम विशेषणासारखं झालं, सर्वनामाने त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही. पत्रापत्री झाली, आणि शेवटी २००३ मध्ये तो प्रश्न रद्द करून मुलांचे मार्क पुन्हा मोजावे लागले. एका ‘तिला’साठी! मराठीत ह्या वाक्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. मला मात्र तो मास्तर जाम आवडला. बहुतेक बाबांसारखा वाटला म्हणून.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मूळचे वर्ध्याकडचे, बदली होऊन एटापल्ली तालुक्यात आले आणि तिथलेच झाले. रिटायर झाल्यावर परत जाणार होते, गेले नाहीत. आम्ही एटापल्लीत क्वार्टरमध्ये राहायचो आणि बाबा मोटरसायकलवरून आतल्या एका गावच्या शाळेत जायचे. संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घेऊन परत. मग कंदिलाएवढ्या टेबललॅम्पखाली लाल पेन. मला तो गठ्ठा फार आवडायचा, कारण त्यात हसायला मिळायचं.

त्या दिवाळीला मी घरी गेले ती बॅगेत दोन गोष्टी घेऊन. एक ग्रामरचं जाडजूड पुस्तक आणि दुसरा, कॉलेजला पाठवायचा निबंध. ह्या निबंधाचे काय फंडे असतात ते ज्यांनी अर्ज केलेत त्यांना विचारा. ‘तुमचं वेगळेपण सांगा.’ आता पुण्यातल्या आयटीवाल्यांच्या त्या ढिगात माझं वेगळेपण काय? लॅपटॉप, क्रिकेट, ट्रेकिंग? माझ्याकडे हुकमाचा एक्का होता. पहिलंच वाक्य टाकलं होतं, ‘ग्रोइंग अप इन एटापल्ली, द फॉरेस्ट वॉज अवर स्कूल.’ पुढे, वुई हॅड नो इलेक्ट्रिसिटी, वुई वॉक्ड माइल्स, वुई हे, वुई ते. ऑफिसातल्या दोघींनी वाचून डोळे पुसले होते. सॉलिड झालंय म्हणाल्या.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी माझी मैत्रीण आली. तिचं नाव मी इथे देत नाही, तिला चालणार नाही. तेव्हा आपली ‘ती’. सर्वनामांवर लेख, आणि त्यातल्या मुख्य सर्वनामालाच धड नाम नाही! ती माडिया. बाबांच्या त्या आतल्या शाळेत पहिली ते चौथी, मग पाचवीपासून एटापल्लीला होस्टेलवर, माझ्या वर्गात. आता तालुक्यातच शिक्षिका आहे. धाकट्या भावाची पोलीस भरतीची तयारी घेत होती. त्यासाठी मराठी व्याकरण लागतं, आणि गडचिरोलीच्या भरतीत गोंडी-माडियावरही प्रश्न येतात, तेव्हा घरात निदान एका विषयाचं टेन्शन नव्हतं.

‘तू कायचा अभ्यास करून राहिली?’ तिने पुस्तक उलटसुलट करून विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात निबंध काढला आणि म्हटलं, ऐक, मराठीत सांगते.

पहिलं वाक्य तिने मध्येच थांबवलं. ‘थांब. एटापल्लीत वाढलं कोण? जंगल?’

मी वाक्याकडे पाहिलं. ग्रोइंग अप इन एटापल्ली, कॉमा, द फॉरेस्ट. आठ महिने! आठ महिने हजारेक वाक्यांत हीच चूक शोधली, आणि स्वतःच्या निबंधाच्या पहिल्या ओळीत लोंबकळता मॉडिफायर. तो पकडला कोणी, तर जिने ते पुस्तक पाच मिनिटांपूर्वी पहिल्यांदा हातात घेतलं होतं. आणि खरं सांगू? व्याकरणाने तेच वाक्य जास्त बरोबर होतं. एटापल्लीत वाढलं ते जंगलच. मी क्वार्टरमध्ये वाढले.

हसून झालं. मी पुढे गेले. वुई हॅड नो इलेक्ट्रिसिटी. आणि तिथे माझी जीभ अडकली.

कारण मराठीत ‘वुई’ नाही. मराठीत ‘आम्ही’ आहे आणि ‘आपण’ आहे. ‘आपण’ म्हणजे मी आणि समोरची तू, दोघी. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझी माणसं, तू सोडून. इंग्रजीत हा दरवाजा सताड उघडा असतो, कोण आत कोण बाहेर कुणी विचारत नाही. पुण्यात बसून लिहिताना मलाही कुणी विचारलं नव्हतं. आता ती समोर चकली खात बसलेली, आणि मला ठरवायचं होतं. ‘आपल्याकडे लाइट नव्हती’ म्हणू, की ‘आमच्याकडे लाइट नव्हती’?

मी म्हटलं, ‘आपल्याकडे लाइट नव्हती.’

‘तुमच्याकडं तं होती ना,’ ती म्हणाली. अगदी सहज. ‘रविवारी चारच्या पिक्चरले आम्ही तुमच्याच घरी येत होतो टीव्ही पाहाले. काकू चिवडा देत होत्या.’

चार वाजताचा मराठी सिनेमा, दूरदर्शनच्या सह्याद्रीवर. होस्टेलच्या सात-आठ मुली, चपला बाहेर ओळीने काढलेल्या. मी मात्र पलंगावर. आठवलं. लाइट जायची, तासन् तास जायची, पण जायची म्हणजे आधी होती. मग मैल मैल चालणं. चालायची ती, होस्टेलमधून सुट्टीला घरी जाताना. मला बाबा मोटरसायकलवर बसवून न्यायचे. त्या निबंधातल्या प्रत्येक ‘वुई’वर मी मनातल्या मनात बोट ठेवत गेले, परीक्षेत ठेवायचे तसं. ह्याचा अँटिसिडंट कोण? ‘आपण’ चालत नव्हतं, ‘आम्ही’ तर त्याहून नाही. बहुतेक ठिकाणी खरं सर्वनाम होतं ‘त्या’.

बरं, ‘आम्ही’ हा शब्द आमच्या जिल्ह्यात हलका नाही. धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा गाव आहे, वनहक्क कायद्याखाली देशात सामूहिक वनहक्क मिळालेल्या पहिल्या गावांपैकी, २००९ साली. त्यांची घोषणा शाळेतही ठाऊक होती. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ गोंडीत ‘मावा नाटे मावा राज’. तिथे ‘आपणच सरकार’ म्हटलं असतं तर? तर समोर उभा असलेला, जीपमधून उतरलेला साहेबही त्या सरकारात शिरला असता. तो ‘आम्ही’ सगळं जंगल तोलून धरतो. आणि मी तोच शब्द वुई करून एमबीएच्या अर्जावर शिक्क्यासारखा मारत होते.

एवढं सगळं तेव्हा मी बोलून दाखवलं नाही. मी नुसती म्हणाले, ‘चहा घेशील ना?’

चहा बाबांनी आणला. बाबांना विषय कळला आणि ते खुलले. ‘आपण’चे प्रकार किती, हा भरतीच्या परीक्षेचा लाडका प्रश्न. ‘आपण जाऊ या’मध्ये पुरुषवाचक, ‘तो आपण होऊन आला’मध्ये आत्मवाचक. शिवाय ‘आपण कोण?’ म्हणजे आदराने तुम्ही. मी म्हटलं, आणि मुंबईत ‘आपण नाय घाबरत’ म्हणजे नुसता मी! जीमॅटवाल्यांनी ह्या एका शब्दावर पेपर काढला तर ‘एव्हरीवन’ नापास. बाबा म्हणाले, असले शब्द मी वहीत येऊ दिले नसते.

‘गुरुजी,’ ती म्हणाली, ‘तुम्ही माझ्या वहीतलं ‘आई’ किती वेळा लाल केलं, आठवते?’

बाबांना आठवेना. मला आठवलं आणि चहा घशात अडकला. ‘माझी आई शेतात गेलं.’ पहिली-दुसरीतल्या कुणाच्या तरी वहीत हे पानोपानी असायचं. आई आलं, आई बसलं, बहीण पडलं. टेबललॅम्पखाली ते वाचून मी लोळून हसायचे आणि आईलाही वाचून दाखवायचे. ‘आई आलं’ म्हणत घरभर फिरायचे. ती वही हिची होती हे मला पाचवीत ही भेटली तेव्हा माहीत नव्हतं. त्या दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं.

तिने शांतपणे समजावून सांगितलं, अगदी शिक्षिकेसारखं. मराठीत तो, ती, ते, अशा तीन खोल्या. गोंडी-माडियात दोनच. एका खोलीत पुरुष. दुसऱ्या खोलीत बाई, गाय, झाड, दगड, सगळे एकत्र. तेलुगूतही एकवचनात बाई आणि वस्तू एकाच सर्वनामात बसतात, सिरोंचाकडच्या लोकांना विचारा. सहा वर्षांची पोर मराठीत आली तेव्हा तिने आपल्या भाषेतली खोली शोधली. जिथे झाड बसतं तिथे आई बसवली. तिचं अ‍ॅग्रीमेंट पक्कं होतं. पेपर दुसऱ्या भाषेचा होता, इतकंच.

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, ‘मला हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. आणि साहेब तपासणीला आले की वह्या बघायचे. लाल नसलं तर मास्तर झोपला होता म्हणायचे.’

‘नाही गुरुजी, बरोबरच केलं तुम्ही,’ ती म्हणाली.

मला राहवलं नाही. मी विचारलं, ‘आता तुझ्या वर्गातली मुलं लिहीत असतील ना असं? तू काय करतेस?’ मला वाटलं ती काहीतरी सुंदर सांगणार. लाल पेन फेकून दिला वगैरे.

‘मी बी लालच करते,’ ती म्हणाली. ‘पोरांना समोर परीक्षा देणं आहे. फक्त आधी फळ्यावर दोन्ही लिहिते, आपलं हे, मराठीचं हे. हसत नाही कोनाले.’

ते ‘हसत नाही’ तिने माझ्याकडे बघून म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

निबंध मी परतीच्या ट्रेनमध्ये पुन्हा लिहिला. बल्लारशाह ते पुणे, वेळ भरपूर. ‘आय ग्रू अप इन गव्हर्नमेंट क्वार्टर्स इन एटापल्ली.’ कर्ता जागेवर, मॉडिफायर जागेवर, आणि वाक्य इतकं सपक की स्वतःलाच झोप यावी. मग टीव्हीचं लिहिलं, बाहेरच्या चपलांचं लिहिलं, वहीवर हसल्याचं लिहिलं, आणि त्या वहीचं मला आता कळलंय ते लिहिलं. तिला फोन करून विचारलं, हे लिहू का? ती म्हणाली, नाव नको टाकू. ऑफिसातल्या त्या दोघींना नवा ड्राफ्ट दाखवला. एक म्हणाली, ‘आधीचं जास्त टची होतं यार.’ होतंच. मलाही वाटत होतं. पाठवायच्या आदल्या रात्री मी दोन्ही फाइल्स उघडून बारा वाजेपर्यंत बसले होते, आणि जुनी फाइल अटॅच करून एकदा काढलीही. हे कबूल केलेलं बरं.

नवी पाठवली. एका कॉलेजने थेट नाही म्हटलं, दुसऱ्याने वेटलिस्टवर ठेवून मग नाही म्हटलं. निबंधामुळे की स्कोअरमुळे, देव जाणे. स्कोअर विचारू नका, खरंच. अजून त्याच बसमध्ये असते, फक्त आता गाणी ऐकते.

ग्रामरच्या पुस्तकाचा मला आता उपयोग नव्हता. नव्या परीक्षेत तो प्रकारच नाही, रद्दीवाला किलोचा भाव देणार. म्हणून एटापल्लीला कुरिअर केलं, तिच्या भावाला इंग्रजीसाठी होईल म्हणून. पोचायला पंधरा दिवस लागले. मग तिचा मेसेज आला:

‘पुस्तक मिळालं. भाऊ वाचत नाही, शाळेत नेऊन ठेवलं. पोरं चित्रं शोधून राहिली, सगळ्या पुस्तकात एकही नाही म्हणतात. येशील तेव्हा चित्रांचं आणजो.’